बाजू बदलताना

जुन्या स्पूलच्या टेपेला एक वास असतो. ज्यांच्या घरी असे डबे अजून कपाटात आहेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. बाकीच्यांना सांगायचं तर, डब्याचं झाकण काढलं की आधी पुठ्ठ्याचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, आणि तो विरेपर्यंत थांबलात तर त्याच्या मागून एक आंबूस, नाकाला जरासा झोंबणारा वास हळूच पुढे होतो. जुन्या फितींपैकी बऱ्याच ॲसिटेटच्या असत. आमच्याकडच्या लांबलचक पावसाळ्यांतली दमट हवा त्यांच्यात मुरत गेली की फीत आतल्या आत विघटू लागते, आणि तेव्हा जे आम्ल सुटतं त्याचा हा वास. म्हणजे वास जितका उग्र, तितकी आतल्या गाण्याची सोबत थोड्या दिवसांची. हे सगळं पुढे कळलं. लहानपणी मात्र तो वास दरवळला की मला नुसता आनंद व्हायचा, कारण काकांनी डबा उघडला याचा अर्थ, आज रात्री कुमार लागणार.

कुमार म्हणजे कुमार गंधर्व, हे तुम्हाला सांगायला नकोच. काकांच्या बैठकीत त्यांना कुणी पंडितजी म्हटलेलं मला आठवत नाही. नुसतं ‘कुमार’ म्हणायचे, आणि त्या एकेरीत शेजारधर्माचा हक्क असायचा. आमचं सांबरा बेळगावच्या पूर्वेला, बागलकोट रस्त्यावर. बाहेरच्या माणसाला ते विमानतळासाठी ठाऊक. आम्हाला ते ठाऊक पहाटे हवाई दलाच्या केंद्रातून येणाऱ्या कवायतीच्या शिट्ट्यांनी, सुगीनंतर खळ्यावर रचलेल्या पिंजराच्या उबट वासानं, आणि रात्री मिरजेकडं निघालेल्या गाडीच्या लांबून ऐकू येणाऱ्या शिटीनं. त्याच रुळांवर सांबऱ्याच्या पुढं सुळेभावी लागतं, विणकरांचं गाव, भरदुपारी गल्लीतून गेलं तरी मागांची खटखट कानांत बसते. त्या गावात ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली जन्मले. घरची भाषा कानडी, पुढं देवास हे गाव माळव्यातलं, गाणं हिंदीतलं, मराठीतलं, माळवीतलं. पण काकांच्या लेखी ते कायम ‘पलीकडच्या स्टेशनचं पोरगं’ होतं. गाडीची शिटी ऐकली की ते मान वळवून म्हणायचे, “गेली बघ कुमारच्या गावाला.”

त्या पोरानं सात-आठ वर्षांच्या वयात काय केलं, ही गोष्ट आमच्या बैठकीत दर वेळी नव्यानं सांगितली जायची. त्या काळच्या थोर गवयांच्या तबकड्या ते मूल ऐकायचं आणि जशाच्या तशा, तानेसकट, श्वास घेण्याच्या जागेसकट म्हणून दाखवायचं. थक्क झालेल्या एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि पुढं ती पदवीच त्याचं नाव होऊन बसली. मग मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडं शिक्षण, १९३६ साली जिना हॉलमधल्या परिषदेत त्या कोवळ्या गळ्यानं भल्याभल्यांना लावलेलं वेड, १९४७ मध्ये भानुमतीबाईंशी लग्न, आणि लगोलग क्षय. १९४८ च्या जानेवारीत ते कोरड्या हवेसाठी देवासला गेले. गाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच येऊ लागलं होतं, त्यानं जीव वाचला. पण पाच-सहा वर्षं ज्या माणसाला गुणगुणायचीही बंदी होती, तो खाटेवर पडून दारावरून जाणाऱ्या बायकांची गाणी, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं, माळव्याच्या शेतांतले सूर नुसते ऐकत राहिला. १९५३ च्या सुमारास तो पुन्हा गायला बसला, तेव्हा तबकड्यांची हुबेहूब नक्कल करणारं मूल संपलेलं होतं. आता तोच राग आज एका अंगानं समोर यायचा, उद्या दुसऱ्याच.

आणि नेमकं इथंच काकांच्या माडीवरच्या भांडणाला सुरुवात व्हायची.

त्या माडीवर शनिवारी रात्री कोण कोण जमत, ते डोळे मिटले तरी दिसतं. बाळेकुंद्रीला पंत महाराजांच्या उत्सवात भजनाला तबला धरणारे एक गृहस्थ, मारीहाळचे एक कानडी मास्तर, घाण्याचं तेल विकणारे एक शेजारी, ज्यांच्या सदऱ्याला कायम शेंगतेलाचा वास यायचा, आणि हवाई दलातले एक उत्तरेकडचे वायरमन, ज्यांना मराठी बोलता येत नसे पण भांडण सगळं कळायचं. खाली काकू चिरमुरे परतायची. फोडणीतल्या लसणाचा खमंग वास जिन्यावरून वर यायचा आणि तो वर पोहोचला की काका यंत्र पुसायला घ्यायचे. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून, टेपरेकॉर्डरचं हेड ते इतक्या हळुवारपणे पुसत की आम्ही पोरंही श्वास रोखून बसायचो. कापसावर तपकिरी डाग उमटायचा. “हा बघ, गेल्या खेपेचा भूप,” असं म्हणून काका तो कापूस दिव्यापाशी धरायचे. फितीवरची लोहाची पूड थोडी थोडी हेडला लागते, म्हणजे प्रत्येक ऐकण्यात गाणं कणभर झिजतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि माहीत असूनही ते लावत.

मग वाद. तेलवाले म्हणायचे, कुमार ऐकायचे ते कंपनीच्या रेकॉर्डवर. स्वच्छ, आटोपशीर, एक अक्षर वाया गेलेलं नाही. बाळेकुंद्रीकरांना हे सोसायचं नाही. रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, तेवढ्यात मावायला राग काय पावशेर आहे का, असं ते उसळून विचारायचे. मैफलीच्या टेपेत सुरुवातीला तंबोरे लागत असतात, कुमार खुंटी किंचित पिळतात, थांबतात, पुन्हा पिळतात, तंबोऱ्यांचा तो झंकार खोलीभर पसरतो आणि त्यातून षड्ज कधी निघाला हे कळतही नाही. कंपनीनं नेमकं तेच कापून टाकलेलं असतं. तंबोरा जुळवण्याबद्दल कुमार किती काटेकोर होते ते सर्वश्रुत आहे, आणि बाळेकुंद्रीकरांच्या मते ते जुळवणं हाच रागाचा पहिला आलाप होता. मी त्यांच्या बाजूचा. आजही कुणी मला गाण्याआधीची ती दहा मिनिटं दिली आणि पुढचं काढून घेतलं तरी मी तक्रार करणार नाही.

दुसरा वाद श्वासाचा. आजारानं एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेलं, म्हणून कुमारांच्या ताना आखूड, झेपावून येणाऱ्या आणि झटकन मिटणाऱ्या, असं मास्तरांचं म्हणणं. काका भडकायचे. “ऐक की जरा,” म्हणून तीच जागा मागं नेऊन पुन्हा लावायचे, टेप उलटी धावतानाचा तो चिवचिवाट, मग खट्, मग ती तान. “दम पुरत नाही म्हणून थांबलाय होय हा? सांगायचं ते सांगून झालं म्हणून थांबलाय.” मास्तर मान हलवायचे, पण त्या हलण्यातून पटलं की नाही ते कळायचं नाही. मला वाटतं दोघंही खरं बोलत होते. देहानं घातलेली अट कुमारांनी अशी काही स्वीकारली की तिची शैली झाली, आणि मग अट कुठं संपली, मर्जी कुठं सुरू झाली, हे खुद्द त्यांनाही वेगळं काढता आलं असतं का, कोण जाणे.

तिसरा वाद पट्टीचा, आणि तो सोडवायला वायरमन लागायचे. सेलवर चालणाऱ्या यंत्राचे सेल उतरत आले की फीत मंद फिरते. तशा यंत्रावर टिपलेलं गाणं धडधाकट यंत्रावर लावलं की पट्टी चढते, लय जलद होते, आवाज कोवळा वाटू लागतो. एका टेपेवर कुमारांचा आवाज असा काही तरुण लागायचा की तेलवाले ती आजाराआधीची म्हणून शपथ घ्यायचे. काका पेटी उघडून स्वर ताडून बघायचे. वायरमननी एकदा बोटाचा हलका दाब देऊन चक्री जरा मंदावली, आणि माडीवर एकदम शांतता झाली, कारण त्या तरुण आवाजातून आम्हाला नीट ओळखीचे, पन्नाशीतले कुमार बाहेर आले.

पण सगळ्यात चिवट, कधीच न मिटलेला वाद बाजू बदलण्याचा. पुढं कॅसेटी आल्या. साठाची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास. मैफलीत कोपऱ्यात बसून टिपून घेणारा माणूस कितीही चपळ असला तरी कॅसेट काढून, उलटी करून, पुन्हा बसवेपर्यंत गाणं पुढं गेलेलं असायचं. आमच्या लाडक्या एका कॅसेटीत कुमार अंतऱ्याकडं निघालेत, मध्यापासून वर सरकतायत, तारषड्जाच्या उंबऱ्याशी आलेत, आणि खट्. दुसरी बाजू सुरू होते तेव्हा ते परत खाली, शांत, सगळं उरकून बसलेले. वर जाऊन काय केलं? बाळेकुंद्रीकर मांडीवर ठेका धरून हिशेब मांडायचे, ठेक्याची ही मात्रा होती, आता ही आहे, म्हणजे मधलं दीड आवर्तन गेलं. तेलवाले म्हणायचे अडीच. काका डोळे मिटून ती हरवलेली जागा गुणगुणायचे, त्यांच्या मते कुमार कसे गेले असतील ते. मास्तर म्हणायचे, “काय सांगालास! असं गेलेच नसणार ते.” आणि खरंच, कुणालाही सुचेल तसे ते गेले नसणार, एवढ्यावर मात्र चौघांचं एकमत व्हायचं. त्या न टिपलेल्या मिनिटावर आमच्या माडीवर जितकं बोललं गेलं, तितकं टिपलेल्या साऱ्या गाण्यावर मिळून बोललं गेलं नसेल.

१२ जानेवारी १९९२ हा रविवार होता. संक्रांत दोन दिवसांवर, घरात तीळ भाजल्याचा वास, परातीत चिक्कीच्या गुळाचा पाक, काकूच्या हातांना तूप. कुमार देवासला वारल्याची बातमी आली तेव्हा काकांनी रेडिओ बंद केला आणि ते माडीवर गेले. आम्हाला वाटलं आता टेप लागेल. लागली नाही. वरून फक्त त्यांच्या फेऱ्या मारण्याचा आवाज येत राहिला, फळ्या ज्या ठिकाणी कुरकुरतात त्या ठिकाणी कुरकुरत. सदुसष्ट वर्षांचं आयुष्य, त्यातली पाच-सहा मौनाची. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूरही गेले, आणि आमच्या या कानडी-मराठी पट्ट्याला एकाच वर्षात दोन मोठी दारं बंद झाल्याचं कळून चुकलं. पुढचे काही शनिवार मंडळी आली, चिरमुरे खाल्ले, पावसापाण्याचं बोलली आणि उठली. ज्या रात्री पुन्हा यंत्र लागलं, त्या रात्री पहिल्यांदाच कुणी भांडलं नाही, आणि मला आठवतं, ते न भांडणंच फार असह्य होतं. टेपेवरचा माणूस आता पुढं कधी वेगळं गाऊन आम्हाला खोटं पाडणार नव्हता. जेवढं होतं तेवढंच.

तिथून टेपांचं मोल बदललं. कुणाकडं पुण्याची एक रात्र आहे, कुणाकडं इंदुरातली घरगुती बैठक, कुणी ‘गीतवर्षा’ हा कार्यक्रम सबंध टिपलाय, अशी कुजबुज सुरू झाली. माणसं एकमेकांना कॅसेटी देताना हात आखडता घेऊ लागली, आणि दिल्या तर वरून दहा अटी. नवा वाद आला. जे त्यांच्या हयातीत बाहेर आलं नाही ते आता बाहेर काढावं का? मास्तरांचा सक्त विरोध होता. जो माणूस ‘गीतवर्षा’, ‘त्रिवेणी’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ अशा कार्यक्रमांची एकेक मांडणी इतक्या विचारानं बांधायचा, त्याची एखाद्या थंडीतली बसलेल्या घशाची बैठक बाजारात मांडणं म्हणजे त्याच्या मागं त्याचं दार उघडणं, असं ते म्हणायचे. काका ‘मुक्काम वाशी’चं उदाहरण द्यायचे. वाशीच्या शिबिरातलं कुमारांचं बोलणं, समोर बसलेल्यांसाठी केलेलं, ध्वनिमुद्रणावरून उतरवून त्याचं पुस्तक झालं, आणि त्यांचा विचार किती लोकांपर्यंत पोहोचला! मला विचाराल तर, विकायला काढू नये, पण दाबूनही ठेवू नये. ज्याला खरीच तहान आहे त्याला ऐकू द्यावं, आणि ऐकवताना सांगावं की ही एका रात्रीची गोष्ट आहे, घरातल्या माणसांसमोरची.

मंडळी एकेक करून कमी झाली. आधी तेलवाले, मग मास्तर. वायरमन बदली होऊन कधीच गेले होते. शेवटी काकाही गेले, आणि कपाटाची किल्ली काकूच्या कनवटीला राहिली. अलीकडं, कुमारांच्या जन्मशताब्दीचं वारं सगळीकडं वाहत होतं तेव्हा, काकांचा नातू संगणक घेऊन आला. तो या विषयातला हुशार मुलगा. एकेक फीत आधी सुकवून, एकेक चक्री हातानं सैल करून, त्यानं शक्य तेवढं गाणं उतरवून घेतलं. काही फिती हाताला चिकटल्या, काहींवर बुरशीची पांढरी जाळी होती, दोन-तीन डब्यांत तो आंबूस वास इतका होता की खिडकी उघडावी लागली. मग तो मला म्हणाला, मागचा खरखराट काढून टाकतो, खोकले काढतो, लोकांचं ‘वा वा’ पुसतो, गाणं कसं लख्ख होईल बघा. त्यानं एक तुकडा स्वच्छ करून ऐकवला. लख्ख होता, खरंच. कुमार जणू कुणीच नसलेल्या खोलीत गात होते.

मी म्हटलं, आधीचं लाव. लावलं. तंबोऱ्यांच्या वर फितीची ती कायमची हिस्स, कुणीतरी पानाचा डबा उघडल्याचा आवाज, तबल्यावर एक हलकी थाप, आणि कुमारांनी निषाद असा काही टाकला की जवळच बसलेल्या कुणाच्या तोंडून निघून गेलं, “अरे अरे अरे!” काकू तेव्हा खाली पीठ मळत होती. ती तशीच, पिठाचे हात घेऊन, गुडघे धरत जिना चढून आली आणि दारात उभी राहिली. “परत लाव,” म्हणाली. पोरानं गाणं पहिल्यापासून लावलं. ती म्हणाली, “गाणं नको रे. ते मघाचं.”

त्या फितींवर आणखी एक गोष्ट मला सापडली, आणि ती सापडल्यापासून मी पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. स्पूल वर्षानुवर्षं गुंडाळून तसंच राहिलं की फितीच्या एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर पुसट उतरतं, ओली शाई मिटल्या वहीत समोरच्या पानावर उमटते तसं. मग शांत जागी, प्रत्यक्ष सूर यायच्या क्षणभर आधी, त्याच सुराची एक फिकट सावली ऐकू येते. यंत्र जाणणाऱ्यांच्या दृष्टीनं हा दोष आहे आणि नातवाला तोही काढता येतो. मी काढू दिला नाही. कुमार गाण्याआधी किंचित थांबतात, त्या थांबण्यात पुढचा सूर दुरून येऊन जातो, आणि मग तो खराखुरा लागतो. काकांचं “अरे अरे” सुद्धा असंच आधी एकदा, फार बारीक, ऐकू येतं. एवढ्याशा अंतरात मला कपाटाचा वास येतो, लसणाची फोडणी येते, मांडीवर मात्रा मोजणारी बोटं दिसतात.

म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या खणात अशी एखादी कॅसेट, असा एखादा डबा असेल, मग तो कुमारांचा असो, मन्सूरांचा असो की गावच्या भजनी मंडळाचा, तर तो भंगारात देऊ नका, त्याच्यावर दुसरं काही टिपू नका, आणि घाईनं जुन्या यंत्रात घालून फीत तोडूही नका. कोरड्या जागी उभा ठेवा. जाणकाराकडून एकदा उतरवून घ्या, आणि खोकले, दाद, खुर्च्या सरकल्याचे आवाज त्यात तसेच राहू द्या. वेष्टणावर गाव, साल, तबल्याला कोण, पेटीला कोण आणि टिपून घेणारं कोण होतं, एवढं शाईनं लिहा, कारण ते सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. आणि लावाल तेव्हा एकट्यानं ऐकू नका. तुमचं न पटणारं, तुमच्याशी भांडणारं एखादं माणूस शेजारी बसवून घ्या.